निळ्या-नारिंगी गल्फ गाड्यांचा संघ नेमका कोणाचा, आणि तो जिंकायचा कसा?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर इथेच सांग. (तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस.) तू पुण्यातल्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांची स्पर्धा) संघात आहेस. वर्कशॉपच्या भिंतीवर कुणीतरी गल्फच्या निळ्या-नारिंगी गाडीचं पोस्टर लावलं आणि त्यावरून वाद पेटला. एक म्हणतो हा फोर्डचा संघ, दुसरा म्हणतो पोर्शचा. तुला जास्त छळणारा प्रश्न पुढचा आहे. १९६९ साली एका लहानशा ब्रिटिश संघाने पाच वर्षं जुन्या आराखड्याच्या गाडीने पोर्शच्या कारखान्याला फ्रान्समधल्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हरवलं, ते नशीब होतं की त्यात कमी पैशांच्या संघाने उचलण्यासारखं काही आहे? शिवाय तुमची गाडी त्याच रंगात रंगवायची आहे.

माझ्याविषयी थोडं. मूळ कोल्हापूरचा. वडिलांच्या गॅरेजमध्ये स्पॅनर हातात आला तो सुटला नाही. गेली सतरा वर्षं सहा, बारा आणि चोवीस तासांच्या शर्यतींत काम करतोय, आधी मेकॅनिक म्हणून, आता गाडीचा इंजिनिअर म्हणून. बराच काळ इंग्लंडमध्ये गेला. पोस्टरवरच्या संघावर तिथल्या जुन्या मंडळींच्या गप्पा संपत नाहीत, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा. उत्तर लांबेल, चहा घेऊन बस.

तुमच्या वादात दोघेही बरोबर आणि दोघेही चूक. संघाचं नाव जे. डब्ल्यू. ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग. ‘जे. डब्ल्यू.’ म्हणजे जॉन वायर, आणि योगायोगाने त्याचा भागीदार जॉन विलमेंट याचीही आद्याक्षरं तीच. पत्ता लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाचं औद्योगिक गाव. पैसा अमेरिकेतल्या गल्फ ऑइल कंपनीचा. गाड्या आधी फोर्ड, मग पोर्श, मग स्वतः बनवलेल्या. कारखाने बदलले, कामगार आणि त्यांची कामाची रीत तीच राहिली. म्हणून मी त्याला वायरचा संघ म्हणतो.

वायर १९०९ साली जन्मला. १९५० मध्ये तो अ‍ॅस्टन मार्टिनच्या शर्यती संघाचा व्यवस्थापक झाला आणि १९५९ मध्ये अ‍ॅस्टनने ले माँ जिंकलं तेव्हा तो कंपनीत वरच्या पदावर होता. नजर इतकी धारदार की लोक मागून त्याला ‘डेथ रे’ म्हणायचे. चूक करणाऱ्याकडे तो फक्त बघायचा. आरडाओरडा न करता नुसतं बघणारे असे एक-दोन व्यवस्थापक मलाही भेटलेत. ओरडणारा परवडतो!

१९६३ मध्ये फोर्डने त्याला उचललं. फेरारीला हरवायचं म्हणून फोर्डने स्लावमध्ये फोर्ड अ‍ॅडव्हान्स्ड व्हेइकल्स ही शाखा काढली आणि तिथे जीटी-४० जन्माला आली. १९६४च्या ले माँला तीन गाड्या नेल्या, तिन्ही बंद पडल्या. मग फोर्डने शर्यतीचं मुख्य काम अमेरिकेतल्या संघांकडे सोपवलं. १९६६ आणि १९६७ मध्ये फोर्ड जिंकली ती अमेरिकी संघांच्या सात लिटरच्या राक्षसांवर. स्लावच्या वाट्याला उरलं ते गिऱ्हाइकांसाठी जीटी-४० बनवणं आणि त्या गाड्यांची देखभाल. १९६६ संपता संपता फोर्डने ती शाखाही आवरती घेतली, तेव्हा वायर आणि विलमेंट यांनी ती जागा आणि काम स्वतःकडे घेतलं.

इथे थोडं थांब, कारण तुझ्या ‘लहानशा संघा’चं खरं उत्तर या देखभालीत आहे. जगभर ज्यांच्याकडे जीटी-४० होती त्यांना सुटे भाग आणि सल्ला इथूनच मिळायचा. कुठला भाग कुठे तुटतो, किती तासांनी तुटतो, हे कळायला यापेक्षा चांगली शाळा नाही. माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये एकाच मॉडेलच्या रिक्षा दुरुस्तीला यायच्या. गाडी दारात येण्याआधी नुसत्या आवाजावरून ते काय बिघडलंय ते सांगायचे. त्यात जादू नव्हती, तीच रिक्षा त्यांनी शेकडो वेळा उघडलेली होती. वायरच्या माणसांचं जीटी-४०शी तसंच नातं होतं.

आता प्रामाणिकपणे एक कबुली. हा संघ माणसांच्या संख्येने लहान होता, खिशाने नव्हे. गल्फचे एक बडे अधिकारी ग्रेडी डेव्हिस यांनी स्वतःसाठी जीटी-४० घेतली होती, त्यातून ओळख वाढली आणि गल्फचा पैसा आला. तेव्हा ‘गरीब संघाने श्रीमंत कारखान्याला हरवलं’ ही गोष्ट सांगायला छान असली तरी पूर्ण खरी नाही. तुमच्या बजेटशी तुलना करताना एवढं वजा कर.

दुसरी गोष्ट नियमांची. एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींत, कोण जिंकणार हे बरेचदा नियमपुस्तक ठरवतं, आणि वायर ते पुस्तक फार बारकाईने वाचायचा. १९६७ मध्ये संघाने जीटी-४०वरून अरुंद छपराची मिराज बनवली. बेल्जियममध्ये स्पा इथे भर पावसात जॅकी इक्स आणि डिक थॉम्पसन यांनी ती जिंकूनही दिली. आणि काही आठवड्यांतच नियम बदलला: पुढच्या वर्षीपासून प्रोटोटाइप (शर्यतीसाठीच मोजक्या बनवलेल्या) गाड्यांना तीन लिटरची मर्यादा, मात्र किमान पन्नास गाड्या बनलेल्या स्पोर्ट्स कारला पाच लिटरपर्यंत सूट. फोर्डचे सात लिटरवाले राक्षस एका फटक्यात बाद. मिराजही बाद, कारण त्या पन्नास नव्हत्या. पण साधी जीटी-४० पन्नासपेक्षा जास्त बनली होती! जिला सगळ्यांनी म्हातारी ठरवलं होतं ती गाडी अचानक कायदेशीर पाच लिटरची झाली. वायरने मिराज बाजूला ठेवली आणि म्हातारीला पुन्हा उभं केलं.

१९६८ मध्ये ब्रँड्स हॅच, मोंझा, स्पा, वॉटकिन्स ग्लेन आणि ले माँ अशा पाच शर्यती त्यांनी जिंकल्या आणि विश्वविजेतेपद फोर्डच्या नावावर गेलं. ले माँ त्या वर्षी फ्रान्समधल्या अशांततेमुळे जूनऐवजी सप्टेंबरअखेर झालं. तोपर्यंत ब्रायन रेडमन आणि इक्स हे त्यांचे दोघेही बिनीचे ड्रायव्हर फॉर्म्युला वनमध्ये जखमी होऊन घरी बसले होते. मग पेद्रो रोद्रिगेझ आणि लुसियाँ बियांकी यांना गाडी दिली आणि ते जिंकले. ड्रायव्हर बदलले तरी गाडी तशीच धावली, हे मला त्या विजयात सगळ्यात बोलकं वाटतं.

जिंकणाऱ्या गाडीचा चॅसिस (सांगाडा) क्रमांक पी/१०७५. हा आकडा लक्षात ठेव, कारण पुढच्या जूनमध्ये ले माँला तीच गाडी पुन्हा आली.

१९६९ची गोष्ट तू ऐकली आहेस ती बहुधा शेवटच्या फेरीची. पण ती शर्यत शेवटच्या फेरीत जिंकली गेली नाही. संघाकडे तेव्हा तीन लिटरची नवी मिराज होती. ती पळायला आश्वासक, पण अजून कच्ची. वायरने ले माँला जुनी गाडी नेली. समोर पोर्शच्या ९०८ आणि कोऱ्या ९१७. फेरीमागे जीटी-४० त्यांच्या जवळपासही नव्हती. चोवीस तासांत हे सगळं आपोआप खाली येतं असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याचदा येतं. आघाडीवरची ९१७ तीनेक तास उरले असताना बंद पडली, तिच्यामागची एक ९०८ सुद्धा. हान्स हेरमान आणि जेरार लारूस यांच्या ९०८ने सुरुवातीलाच चाकाच्या बेअरिंगपायी बराच वेळ घालवला होता. म्हणजे शेवटी जी ९०८ वायरच्या जीटी-४०मधल्या इक्सशी झुंजत होती ती मुळात अर्ध्या तासाची थकबाकी फेडून आलेली होती. वायरच्या गाड्यांना अशी थकबाकीच नव्हती. दुसरी जीटी-४० तिसरी आली, हे पोस्टरवर कुणी छापत नाही. एक गाडी आली तर नशीब म्हणता येईल. एकाच गॅरेजच्या दोन जुन्या गाड्या पहिल्या तिनात येतात तेव्हा त्याला नशीब म्हणणं मला जड जातं.

शेवटचा तास मात्र खरोखर नाट्यमय होता. इक्स आणि हेरमान एकमेकांना सतत ओलांडत होते. ९०८च्या ब्रेक पॅडचा इशारा देणारा दिवा लागला होता आणि पोर्शने पॅड बदलायला गाडी आत न घेण्याचा निर्णय घेतला. मी पिटमध्ये (गाड्या थांबवून काम करायच्या जागेत) असतो तर मीही तोच घेतला असता आणि तितकाच घाबरलो असतो. शेवटच्या फेरीत लांब सरळ रस्त्यावर इक्सने हेरमानला मुद्दाम पुढे जाऊ दिलं, त्याच्या हवेच्या ओढीत राहिला आणि सरळ रस्ता संपता संपता पुढे निघाला. चोवीस तासांनंतर फरक सुमारे १२० मीटर.

याच शर्यतीत सुरुवातीला ड्रायव्हर धावत जाऊन गाडीत उड्या मारत असताना इक्स चालत गेला, निवांत पट्टा बांधला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. धावत सुटण्याच्या पद्धतीत पट्टे नीट बांधले जात नाहीत, हा त्याचा निषेध होता. पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ हा खासगी ९१७चा ड्रायव्हर अपघातात गेला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. पुढच्या वर्षापासून ती पद्धत बंद झाली. तुमच्या स्पर्धेत ड्रायव्हर बदलताना पट्टे आवळायला कुणी घाई करू लागला तर त्याला हे सांग.

पी/१०७५ने १९६८-६९ मिळून दोन ले माँ, सेब्रिंगचे बारा तास, ब्रँड्स हॅच, स्पा आणि वॉटकिन्स ग्लेन एवढं जिंकलं. एकच चॅसिस! ओळखीची गाडी काय देते याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

उलट उदाहरण मात्र माझं स्वतःचं आहे. काही वर्षांपूर्वी आखातातल्या एका चोवीस तासांच्या शर्यतीत आम्ही गुरुवारी रात्री ब्रेकला हवा नेणारी नवी नळी बसवली. चाचणीत ब्रेकचं तापमान सुंदर उतरलं, मी खूश. शनिवारी पहाटे चारला तीच नळी सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ब्रेकच्या पाइपला घासत होती हे कळलं. सव्वीस मिनिटं गेली. चूक माझीच. फेरीमागे जो वेळ आम्ही वाचवणार होतो तो चोवीस तासांत मिळूनही सव्वीस मिनिटं झाला नसता. तेव्हापासून शर्यतीच्या आठवड्यात ‘सुधारणा’ हा शब्द मी ऐकूनच घेत नाही.

आता पोर्शकडे वळू, कारण पोस्टरवरची गाडी बहुधा ९१७ असणार.

पन्नास गाड्यांची अट नंतर पंचवीसवर आली होती. जुन्या गाड्यांना मैदानात ठेवायला केलेल्या सवलतीत पोर्शने सरळ पंचवीस नव्या गाड्या बनवून ठेवल्या. वायरने जी फट वापरली तीच, फक्त जर्मन प्रमाणात. गाडी प्रचंड वेगवान, पण सरळ रस्त्यावर मागून इतकी हलायची की ड्रायव्हर तिच्यात बसायला कचरायचे. पोर्शने १९७०साठी आपला अधिकृत संघ म्हणून वायरला निवडलं आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियात झेल्टवेग इथे चाचणी ठेवली.

तिथे जे झालं ते मी दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. गाडी सुधारेना. स्प्रिंगा बदला, टायर बदला, काही फरक नाही. वायरचा इंजिनिअर जॉन हॉर्समन उभ्या गाडीभोवती फिरला. चिलटांचे दिवस होते. गाडीच्या नाकावर आणि काचेवर चिरडलेल्या चिलटांचा थर होता, मागच्या शेपटीवर मात्र जवळजवळ एकही नाही. म्हणजे हवा शेपटीला टेकतच नव्हती. छपरावरून निघून ती तशीच वरून जात होती आणि मागचे स्पॉइलर नुसते शोभेचे उरले होते. त्याच्या मेकॅनिकांनी तिथल्या तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून, रिबेट ठोकून, शेपटी आखूड आणि वर चढती केली. रेडमन बाहेर गेला आणि लवकर परतलाच नाही, गाडी चालवत राहिला. फेरीचा वेळ काही सेकंदांनी उतरला होता. त्या ठोकाठोकीतून आखूड शेपटीची ९१७ के जन्मली.

पूर्ण श्रेय चिलटांना देऊ नकोस. पोर्शने तिथे ९१७ची उघड्या छपराची आवृत्तीही आणली होती, ती नीट चालत होती आणि तिची शेपटी वर चढलेलीच होती. संशयाची दिशा तिथूनही मिळत होती. पण पुरावा बंद गाडीवर चिकटलेला होता आणि तो वाचायला कुणीतरी वाकून बघायला हवं होतं. माझ्या पिटमध्ये तेव्हापासून एक नियम आहे: गाडी आत आली की मी बघेपर्यंत कुणी तिला कापड लावायचं नाही. धूळ, तेलाची फवारणी, रबराचे कण, काळवंडलेला रंग, सगळं आधी बघून फोटो काढायचे आणि मग पुसायचं. दिसायला गलिच्छ, पण वाऱ्याच्या बोगद्याचं भाडं न परवडणाऱ्यांसाठी याहून स्वस्त साधन नाही.

मग दोन वर्षं हा संघ जवळपास अजिंक्य होता. १९७० मध्ये डेटोना, ब्रँड्स हॅच, मोंझा, टार्गा फ्लोरिओ, स्पा, वॉटकिन्स ग्लेन, ऑस्ट्रिया. ब्रँड्स हॅचला पावसात पिवळा झेंडा (धोका, ओलांडू नका) असताना ओलांडलं म्हणून रोद्रिगेझला आत बोलावून अधिकाऱ्यांनी झापलं. तो बाहेर गेला आणि पाच फेऱ्यांनी जिंकला. हे संघाचं काम नव्हतं, त्या माणसाचं होतं. संघ कितीही नेटका असला तरी पावसातला रोद्रिगेझ वर्कशॉपमध्ये बनवता येत नाही, हेही वजाबाकीत धर.

१९७१ची डेटोना मला जास्त प्रिय आहे. रोद्रिगेझ आणि जॅकी ऑलिव्हर प्रचंड आघाडीवर असताना गिअरबॉक्स अडकला. नियमाप्रमाणे अख्खा गिअरबॉक्स बदलता येत नव्हता, आतले भाग मात्र बदलता येत होते. मेकॅनिकांनी गाडी तिथेच उघडली आणि तापलेल्या पेटीतले गिअर एकेक काढून नवे भरले. दीड तासाच्या आसपास लागला. तेवढ्यात एक खासगी फेरारी पुढे गेली. रोद्रिगेझने ती गाठली आणि एका फेरीने शर्यत जिंकली. हे वाचताना दीड तासाला ‘हळू’ म्हणू नकोस. गरम गिअरबॉक्स उघडणं म्हणजे उकळत्या कुकरमधून हाताने बटाटे काढणं. हे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करून जमत नाही.

पण ले माँ? इथे या संघाच्या इतिहासातला माझा आवडता विरोधाभास येतो. सगळ्यात वेगवान गाडी हातात असताना वायरला ले माँ एकदाही जिंकता आलं नाही. १९७० मध्ये त्यांच्या तिन्ही गाड्या बाद झाल्या. त्यांचा ड्रायव्हर जो सिफर्ट आघाडीवर असताना त्याचा एक गिअर चुकला आणि इंजिन फुटलं. जिंकली ती पोर्शचीच, पण साल्झबुर्ग संघाची ९१७. तो संघ पोर्श कंपनीच्या मालक पोर्श-पिएख घराण्यातला. अधिकृत संघ आपण असताना कारखान्याने दुसऱ्यालाही तितकीच मदत करावी याची वायरला चीड होती, आणि मला ती रास्त वाटते. जिंकणाऱ्या रिचर्ड अ‍ॅटवुडने काय मागून घेतलं होतं बघ: मोठ्या इंजिनाऐवजी जुनं साडेचार लिटरचं आणि आखूड शेपटी. सुरुवात पंधराव्या जागेवरून. म्हणजे वायरच्या लोकांनी झेल्टवेगला ठोकलेली शेपटी आणि वायरचाच सबुरीचा हिशेब, फक्त दुसऱ्याच्या गाडीत. त्या पावसाळी शर्यतीत शेवटी निकालात धरल्या गेल्या फक्त सात गाड्या. १९७१ मध्ये अ‍ॅटवुड स्वतः वायरच्या संघात होता आणि दुसरा आला, पुढे मार्टिनी या दुसऱ्या संघाच्या रंगातली ९१७.

त्या वर्षी जुलैत रोद्रिगेझ आणि ऑक्टोबरमध्ये सिफर्ट, दोघेही दुसऱ्याच शर्यतींत, दुसऱ्यांच्या गाड्यांत गेले. १९७२पासून पाच लिटरच्या गाड्यांची सूटही संपली.

त्यानंतरची वर्षं लोक विसरतात. संघाने तीन लिटरच्या फोर्ड-कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनावर स्वतःच्या मिराज बनवल्या. १९७३ मध्ये स्पा जिंकलं, पण ले माँचा प्रश्न वेगळा होता. हे इंजिन फॉर्म्युला वनसाठी, म्हणजे दोनेक तासांसाठी बनलेलं. त्याची थरथर एवढी की आजूबाजूचे ब्रॅकेट, पाइप, वायरिंग सगळं ती सैल करत जाते. चोवीस तासांत ते टिकत नाही, असा सार्वत्रिक समज.

१९७५ मध्ये ले माँच्या आयोजकांनी इंधन वाचवण्याचा नियम आणला: दोन वेळा इंधन भरण्याच्या मध्ये किमान वीस फेऱ्या, म्हणजे सुमारे २७३ किलोमीटर. बहुतेकांना ती कटकट वाटली. वायरच्या संघाने इंजिनाची ताकद आणि फिरण्याचा वेग (आरपीएम) मुद्दाम उतरवले. इंधन पुरलं, आणि कमी आरपीएमवर त्या इंजिनाचा थरकापही कमी झाला. एकाच उपायाने दोन दुखणी गेली. इक्स आणि डेरेक बेल ३३६ फेऱ्या करून लिजिए या फ्रेंच गाडीच्या एका फेरीने पुढे जिंकले, संघाची दुसरी गाडी तिसरी आली. डीएफव्हीचा ले माँमधला हा पहिला विजय. मोठे कारखाने त्या वर्षी आले नव्हते, हेही सांगायला हवं. पण शर्यत जे येतात त्यांच्यातच होते. त्यानंतर गल्फ बाहेर पडली, वायर निवृत्त झाला आणि गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या.

म्हणजे हिशेब असा की म्हातारी जीटी-४० दोनदा जिंकली, ताकद उतरवलेली मिराज एकदा जिंकली आणि अजिंक्य ९१७ दोनदा हरली. यावरून ‘हळू गाडी बरी’ असा निष्कर्ष काढू नकोस. ९१७ने त्यांना ले माँ सोडून जवळपास सगळं दिलं. पण गाडीतला सगळा वेग वापरावा लागणार नाही अशी स्थिती आली की हा संघ फार धोकादायक व्हायचा. माझ्या मते तेच त्यांचं कौशल्य.

‘आज असं होऊ शकतं का?’ असंही तू शेवटी विचारलंयस. परिस्थितीवर आहे. आज गाड्या इतक्या संगणकाधीन आहेत की कारखान्याचे इंजिनिअर सोबत नसतील तर खासगी संघाला गाडी नीट सुरूही करता येत नाही. पण २०२४ मध्ये स्पाला जोटा या ब्रिटिश संघाने विकत घेतलेल्या पोर्श ९६३वर सगळ्या कारखान्यांना मागे टाकलं. अपघातामुळे शर्यत थांबली त्याच्या थोडं आधी ते पिटमध्ये जाऊन आले होते, ते पथ्यावर पडलं. २०२५ मध्ये ले माँ जिंकली ती कारखान्याच्या लाल फेरारीने नव्हे, एएफ कोर्सच्या खासगी पिवळ्या फेरारीने. तेव्हा दार बंद नाही, फक्त किल्ली कारखान्याच्या खिशात असते.

तुमच्याबद्दल बोलायचं तर तुमची एन्ड्युरन्स चाचणी बावीसेक किलोमीटरची आणि सर्वांत जास्त गुण तिलाच. तिथे अर्ध्या गाड्या संपतात कशाने हे तू स्वतः पाहिलं असशील: सैल झालेला नट, घासलेली वायर, उकळलेलं पाणी. स्पर्धेच्या महिनाभर आधी आराखडा गोठवा आणि उरलेला वेळ त्याच गाडीवर बावीसच्या तिप्पट अंतर कापण्यात घालवा. जे तुटेल ते वहीत, तारीख आणि किलोमीटरसकट. ती वही म्हणजे तुमची स्लावची कार्यशाळा. चेन किंवा ड्राइव्ह शाफ्ट गरम असताना बदलायचा सराव एकदा तरी करा, हातमोजे घालून. नियमपुस्तक एकाच माणसाला देऊन ठेवू नका. दोघांनी वेगवेगळं वाचा आणि मग भांडा. इंजिनाचा नकाशा (इंधन आणि ठिणगीचं सेटिंग) थोडा उतरवून इंधन आणि तापमान दोन्ही सुधारतंय का, ते नक्की तपासा. इंधन बचतीचे गुण तुम्हाला वेगळे मिळतात.

आणि हो, रंगाचं राहिलंच. गल्फचे स्वतःचे रंग गडद निळा आणि नारिंगी होते. कॅलिफोर्नियातली विल्शायर ऑइल ही कंपनी गल्फने विकत घेतली, तिचे रंग फिकट निळा आणि नारिंगी. डेव्हिसना तो फिकट निळा जास्त आवडला आणि वायरच्या गाड्यांवर तोच आला. तेव्हा रंगाच्या दुकानात ‘गल्फ ब्लू’ सांगून आकाशी म्हणून काहीही देतील ते घेऊ नकोस. पोस्टरचा तुकडा कापून सोबत ने आणि आधी पत्र्यावर मारून उन्हात बघ. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली तो हमखास हिरवट दिसतो.